‘नाही’ म्हणायची सोय

भोर-वेल्ह्यात ‘सेल्फ हेल्प’ म्हणालात तर लोक तुम्हाला बचत गटाच्या अध्यक्षांच्या घरी नेऊन सोडतील. स्वयंसहायता गट म्हणजे दहा-वीस बाया, महिन्याची ठरलेली वर्गणी, एक वही आणि कर्ज कुणाला द्यायचं यावरची चर्चा. मराठीत ‘ऑटिझम’, ‘प्रौढ’ आणि ‘स्वमदत’ हे तीन शब्द एकत्र टाकून मी शोधायला लागलो तेव्हा मलाही आधी बचत गटच सापडले. त्यानंतर सापडले ते पालकांसाठीचे लेख. ‘आपलं मूल बोलत नाही?’, ‘आपलं मूल नजरेला नजर देत नाही?’ माझं वय तेव्हा सव्वीस होतं. पुण्यात एका कंपनीत कोड लिहीत होतो आणि महिन्याभरापूर्वी मानसशास्त्रज्ञ बाईंनी अहवालात ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ असं लिहून दिलं होतं. मराठीत मला उद्देशून कुणी लिहिलेलं फारसं काही मिळेना. मी कुणाचं तरी मूल होतो, एवढाच काय तो माझा त्या मजकुराशी संबंध.

इंग्रजीत मात्र भरपूर होतं, आणि ते उपयोगी पडलं हे मोकळेपणाने सांगतो. गोंगाट बंद करणारे हेडफोन, मीटिंगमधले निर्णय लेखी मागून घेणं, दमण्याआधी उठून जाणं, लग्नाला जायचं तर परतीची गाडी आधी ठरवणं. डॅमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ साली मांडलेली कल्पनाही तिथेच वाचली. आपल्याला इतरांचं मन कळत नाही म्हणतात, पण इतरांना तरी आपलं कुठे कळतं? समजुतीचा अडसर दोन्ही बाजूंना असतो. हे वाचून बरं वाटलं. पण या सगळ्या सल्ल्यांनी काही गोष्टी गृहीत धरल्या होत्या: तुम्हाला नोकरी आहे, स्वतःची खोली आहे, इंग्रजी येतं आणि तपासणीची फी परवडते. त्यातली एकही गोष्ट माझ्या मामाकडे नाही.

मामा तोरण्याच्या पायथ्याकडच्या एका गावात आजीबरोबर राहतो. वय पन्नाशीचं. त्याचे शब्द मोजके: गुरांची नावं, ‘नको’, ‘हाय’, आणि एसटीच्या वेळा. भाताच्या लावणीच्या दिवसांत रोपांच्या मुठी कुठल्या खाचरात किती पडल्या हे तो न मोजता सांगतो. एसटीची वेळ बदलली की दोन-दोन दिवस जेवत नाही. त्याची कधी तपासणी झालेली नाही आणि मी डॉक्टर नाही. पण माझ्या अहवालातलं पानच्या पान वाचताना मला माझ्याआधी मामा आठवत होता. गावाने त्याच्यासाठी आपले शब्द शोधलेत: घुमा, एककल्ली, आणि प्रेमात आलं तर देवमाणूस. आपला छापील शब्द आहे ‘स्वमग्न’. १९११ च्या सुमारास ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने ‘स्वतः’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘ऑटिझम’ हा शब्द बनवला, त्याचंच हे मराठी रूप. पण मामाला पाहिलेला माणूस त्याला स्वतःत मग्न म्हणणार नाही. तो गुरांत मग्न असतो, पाटाच्या पाण्यात मग्न असतो. स्वतःकडे त्याचं लक्ष सगळ्यात कमी.

असे किती मामा असतील? २०११ च्या जनगणनेत भोर तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार होती, वेल्ह्याची सुमारे ५४ हजार. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालासाठीचा अंदाज १२७ माणसांमागे एक असा आहे. ढोबळ भागाकार केला तर या दोन तालुक्यांत एकोणीसशेच्या आसपास माणसं निघतात, आणि त्यातली बरीचशी मुलं नाहीत, मोठी माणसं आहेत. त्यांच्या वतीने कोणी बोलायचं, हा माझा प्रश्न आहे.

हा प्रश्न जगभर भांडणाचा झाला आहे. लिओ कॅनरने १९४३ साली अकरा मुलांवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर कित्येक वर्षं ऑटिझमबद्दल बोलत होते ते डॉक्टर आणि आईवडील. १९९३ साली जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक कार्यकर्त्याने पालकांनाच उद्देशून सांगितलं की आमच्यासाठी शोक करू नका. तुम्हाला हवं होतं ते मूल आलं नाही याचं दुःख तुमचं आहे, ते आमच्यावर लादू नका. अमेरिकेत २००५ साली ‘ऑटिझम स्पीक्स’ ही संस्था निघाली आणि २००६ साली ऑटिस्टिक लोकांनी चालवलेलं ‘ऑटिस्टिक सेल्फ ॲडव्होकसी नेटवर्क’. पहिली उपचाराची भाषा बोलत होती, दुसरी हक्काची. पहिलीने २०१६ साली आपल्या ध्येयातून ‘बरं करणं’ हा शब्द काढला. मग २०२१ साली ‘लॅन्सेट’च्या आयोगाने ‘प्रोफाउंड ऑटिझम’ असा वेगळा गट सुचवला: ज्यांना चोवीस तास सोबत लागते आणि जे स्वतःची बाजू मांडू शकत नाहीत अशांचा. तिथे पुन्हा वाद पेटला. पालक म्हणतात, जो लेख लिहू शकतो, त्याला माझ्या मुलाबद्दल काय कळणार? ऑटिस्टिक कार्यकर्ते म्हणतात, आमच्याशिवाय आमच्याबद्दल काहीही ठरवू नका.

आपल्याकडे या वादात पालकांना खलनायक करणं मला जमत नाही. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. ते १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आलं आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत बसलं. यामागे पालकांची वर्षानुवर्षांची खटपट आहे. दिल्लीचं ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’, मुंबईचं ‘फोरम फॉर ऑटिझम’, ही कामं आईवडिलांनी उभी केली. मी आज ज्या जमिनीवर उभा राहून ‘आम्हाला बोलू द्या’ म्हणतो ती त्यांनी नांगरलेली आहे.

पण दोन्ही बाजूंचा युक्तिवाद नीट पाहिला तर आतून तो एकच आहे, असं मला दिसतं. पालक म्हणतात, आम्ही जवळचे, म्हणून आम्ही बोलणार. कार्यकर्ते म्हणतात, आम्ही सारखे, म्हणून आम्ही बोलणार. मामाच्या बाबतीत मी दोन्ही आहे: भाचा म्हणून जवळचा, आणि अंदाज बरोबर असेल तर सारखाही. तरी यातल्या कशानेच मला त्याच्या तोंडी शब्द घालायचा हक्क मिळत नाही. माझा अनुभव कंपनीतल्या पांढऱ्या दिव्यांचा आहे. त्याचा गोठ्यातल्या अंधाराचा. अंधार त्याला आवडतो की सवयीचा झालाय, मला माहीत नाही.

दुसऱ्याच्या वतीने बोलणं किती फसवं असतं याचा एक जुना दाखला आहे. नव्वदच्या दशकात ‘फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन’ नावाची पद्धत गाजली. न बोलणाऱ्या माणसाचा हात मदतनीसाने धरायचा आणि त्याने कीबोर्डवर टाइप करायचं. कधी तोंडातून वाक्य न निघालेल्या मुलांनी कविता लिहिल्या, आईवडील रडले. मग चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र दाखवलं, मदतनीसाला दुसरं. टाइप झालं ते मदतनीसाने पाहिलेल्या चित्राचं नाव. यात बहुतेक मदतनीस लबाड नव्हते. त्यांचं प्रेम खरं होतं आणि आपलाच हात चालतोय हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. म्हणून ही गोष्ट मला भीतीदायक वाटते. त्या मुलांना हात काढून घेता येत नव्हता, आणि काढला तरी त्याचा अर्थ लावणारा माणूस तोच होता.

यावरून मी एका निष्कर्षाला आलोय. कुणाच्या वतीने बोलायचा हक्क प्रेमाने मिळत नाही, निदान सारखं असल्यानेही मिळत नाही. ज्याच्यासाठी बोलतोय त्याला तुम्हाला थांबवता आलं पाहिजे. त्याच्यापाशी ‘नाही’ म्हणायची सोय आहे का, ते ‘नाही’ ओळखणारं तुमच्याशिवाय आणखी कुणी आहे का, आणि ते मोडलं तर जाब विचारणारं कुणी आहे का? तिन्हीचं उत्तर ‘हो’ असेल तेवढ्यापुरतंच आपण बोलावं.

हे आमच्या घरात हवेतलं तत्त्व राहिलेलं नाही. आईचं म्हणणं, मामाचं दिव्यांग प्रमाणपत्र काढावं. आजी ऐंशीच्या पुढची आहे. प्रमाणपत्र असेल तर संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येईल, पुढेमागे कायदेशीर पालक नेमता येईल. ऑटिझमसाठी आपल्याकडे ‘इसा’ नावाची मोजपट्टी वापरतात: चाळीस मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण ७० च्या खाली आले तर ऑटिझम नाही. नजरेला नजर देतो का, हसण्याला हसून उत्तर देतो का, असे मुद्दे. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “शिक्का मारल्याबिगर मानूस मानूस नसतो व्हय? आन् मोठ्यांच्या डोळ्याला डोळा कोन लावतंय आमच्यात?”

आजीचा दुसरा मुद्दा खरा, पण पहिल्याला दुसरी बाजू आहे. गावाने मामाला सामावून घेतलं हे खरं. त्याला कुणी हिणवत नाही, जेवायला बोलावतात. शहरातल्या कित्येक ऑटिस्टिक माणसांना एवढंही मिळत नाही. पण त्याची जागा आहे ती बिनपगारी राबण्याची, आणि ती आजीच्या श्वासावर टांगलेली आहे. त्यात जमिनीचे भाव. राजगड-तोरण्याच्या परिसरात फार्महाउससाठी जमीन विचारणारे वाढले, तसा नात्यातल्या एकाने विषय काढला: मामाचं सातबाऱ्यावरचं नाव हक्कसोडपत्राने कमी करून घ्यावं, ‘त्याला कुठं कळतंय’. अंगठा काय, धरून लावता येतो. हात धरून टाइप करण्यापेक्षा ते सोपं.

म्हणजे तोच शिक्का त्याला पेन्शन देईल आणि तोच शिक्का ‘याला कळत नाही’ याचा पुरावाही होईल. कायद्यातही हा ताण आहे. १९९९ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याची स्थानिक समिती सज्ञान माणसालाही पालक नेमू शकते. त्या समितीत जिल्हाधिकारी पातळीचा अधिकारी, एका संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते. २०१६ चा कायदा मात्र ‘मर्यादित पालकत्व’ म्हणतो: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, दोघांच्या विश्वासावर आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालणारं. त्याची इच्छा कळायची कशी, हे अर्थातच कायदा सांगत नाही. ते घरातल्यांना शोधावं लागतं.

गेल्या वर्षी आम्ही मामाला पुण्याला नेऊन पाहिलं. तो नसरापूरला बसमधून उतरला आणि वेल्ह्याच्या दिशेने चालू लागला. याहून स्पष्ट ‘नाही’ काय असतं? पण इथे अवघड प्रश्न येतो, आणि तो आईने विचारला: त्याच्या या ‘नाही’ची किंमत दहा वर्षांनी तोच मोजणार असेल तर? मला सुचलेलं उत्तर असं. मामाने नाकारलं ते नेमकं काय? प्रमाणपत्र म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही. त्याने बस नाकारली, गर्दी नाकारली, न ठरलेला दिवस नाकारला. तेवढं बदलून पुन्हा विचारता येतं. त्याचा नकार डावलण्याआधी आपली पद्धत किती वेळा बदलली, याचा हिशेब आपण दिला पाहिजे. हक्कसोडाचं तसं नाही. तिथे एकदा अंगठा उठला की पुन्हा विचारायला काही उरत नाही. जे मागे घेता येतं त्यात प्रयत्न करावेत. जे मागे घेता येत नाही त्यात मामाने स्पष्ट ‘हो’ म्हटल्याशिवाय कुणीही पुढे जाऊ नये, भाच्यानेही नाही.

स्वमदत या शब्दाकडे आता मी बचत गटाच्या बाजूने पाहतो. त्या गटात कुणी एकटी बाई स्वतःला मदत करत नसते. वही सगळ्यांसमोर उघडते, एकीची चूक दुसरी पकडते. मराठीत ऑटिस्टिक प्रौढांसाठी काही लिहायचं तर माझ्यासारख्यांनी हेडफोनचे सल्ले लिहावेतच, पण अशा वह्या कशा ठेवायच्या तेही लिहावं. मामाची एक वही आम्ही सुरू केली आहे. ती माझ्याकडे नसते, आजीकडेही नसते. शेजारच्या काकूंकडे असते, कारण त्यांना जमिनीत वाटा नाही. मामा काय करतो, काय टाळतो, हे तिघांपैकी ज्याने पाहिलं त्याने लिहायचं, आणि दुसऱ्या कुणीतरी तसंच पाहिल्याशिवाय त्याला खूण करायची नाही. आत्तापर्यंत खूण झालेल्या नोंदी चारच आहेत. बस: नाही. जीप, पुढची सीट: चालते. अनोळखी माणूस घरात: ओट्यावर असेल तर चालतो. अंगठ्याला शाई: हात मागे घेतो.