मेलेला मासा आणि पासष्ट मिलिमीटर

इस्लापूरच्या टपरीवर शेजारचे काका चहाचा ग्लास आदळत म्हणाले, "सर, मंडळात पाऊस बासष्ट भरला म्हणं. माझ्या सोयाबीनमधी गुडघाभर पाणी, अन् अतिवृष्टी नाही! तीन मिलिमीटर कोण पिलं?"

चोवीस तासांत ६५ मिलिमीटर म्हणजे अतिवृष्टी, हा आकडा आपल्याकडं पोरांनाही पाठ असतो. माझं मन मात्र भलतीकडंच गेलं, मेंदूच्या एफएमआरआय चित्रांकडं.

तिथंही असाच उंबरठा लागतो. मेंदूचे हजारो ठोकळे पाडून प्रत्येकाला विचारतात, इथं काही हललं का? विसात एकदा फसायची तयारी ठेवली, तर पन्नास हजार ठोकळ्यांत अडीच हजार उगीचच पेटतात. हा 'विसात एक' संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९२५च्या पुस्तकात रूढ केला, निव्वळ सोयीचा म्हणून. गंमत म्हणजे ते तेव्हा इंग्लंडमधल्या शेतीसंशोधन केंद्रात गव्हाचे अन् खताचे हिशेब करत होते.

क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मेलेला सॅमन मासा एफएमआरआय यंत्रात ठेवला. त्याला माणसांचे फोटो दाखवून यांना काय वाटत असेल, असं रीतसर विचारलं. हजारात एक इतका कडक उंबरठा असूनही माशात ठिपके उमटले. इतक्या ठोकळ्यांना एकाच वेळी प्रश्न विचारल्याची दुरुस्ती करताच ते विझले.

त्याच वर्षी लीबरमन आणि कनिंगहॅम या संशोधकांनी उलट बाजू घेतली. दोनशेत एक इतका उंबरठा आणि सलग दहा ठोकळे पुरेत, नाहीतर खरे पण क्षीण परिणाम हातचे जातात; खोटं पुढच्या अभ्यासांत गळेल. मला याचा रागच येई. गळेल कधी? २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका खून खटल्यात जन्मठेप देताना मेंदूलहरींच्या चाचणीचा आधार घेतला. ते एफएमआरआय नव्हतं, पण भरवसा त्याच जातीचा. आरोपीनं पुढचा अभ्यास येईस्तोवर कोठडीत बसायचं का? संमतीशिवाय अशी चाचणी नको, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं ते २०१० मध्ये.

नसलेलं दिसणं आणि असलेलं न दिसणं, या दोन चुकांतली पहिलीच मी आजवर मोठी धरत आलो. पण काकांची सोयाबीन दुसरीत बुडाली होती. म्हणजे लीबरमन माझ्याच बाकड्यावर बसलेले! मग उंबरठा पुस्तकातून कसा काढायचा? चुकीचे पैसे कोण भरतं, हे आधी विचारायला हवं.

"काका, तुम्ही किती ठेवला असता?"

"साठ."

"अन् एकोणसाठवाला?"

काकांनी उपरणं झटकलं. "त्याचं त्यानं बघावं."