तलवार कोणाच्या हाती?

दहा आज्ञांतील सहाव्या आज्ञेशी (रोमन कॅथॉलिक गणनेनुसार पाचव्या) भाषांतरकाराची लेखणी थबकते. मूळ इब्री शब्द आहे 'रात्साख'. रणांगणावरील संहारासाठी जुना करार सहसा दुसरे शब्द योजतो. म्हणून 'खून' हाच अर्थ घ्यावा, म्हणजे युद्ध त्यातून वगळले जाते, असे पुष्कळांना वाटते. परंतु गणना 35 मध्ये नकळत झालेल्या मनुष्यवधालाही तोच शब्द आहे, आणि खुन्याच्या देहान्त शासनालाही! शब्दकोशाच्या आडोशाला लपता येईल, अशी सोय पवित्र शास्त्राने ठेवलेली नाही.

रोमकरांस पत्राच्या 12 व्या अध्यायाच्या शेवटी पौल सूड देवावर सोपवायला सांगतो आणि 13 व्याच्या आरंभी अधिकाऱ्याच्या हाती तलवार दिसते. हे दोन वेगळे पाठ नव्हेत. आजची अध्यायविभागणी तेराव्या शतकातली. पौलाने तेथे रेघ ओढली नव्हती. दोन्ही ठिकाणी ग्रीक शब्द एकाच धातूचे आहेत. व्यक्तीच्या हातून जे काढून घेतले, ते शासनाला मर्यादेत दिले. आणि तेही दुष्कर्म्याला शासन करण्यासाठी, शेजाऱ्याचा मुलूख बळकावण्यासाठी नव्हे. संत ऑगस्टीनच्या विचारावर उभे राहून थॉमस अॅक्विनास यांनी युद्धाला तीन अटी घातल्या: योग्य अधिकार, न्याय्य कारण, शुद्ध हेतू. तिसऱ्या अटीला उतरणारी युद्धे इतिहासात किती सापडतील?

उलट बाजूस तर्तुल्यन म्हणतो, गेथशेमाने बागेत पेत्राची तलवार म्यान करवून प्रभूने प्रत्येक शिपायालाच निःशस्त्र केले. मात्र बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने शिपायांना जुलूम करू नका असे सांगितले, चाकरी सोडा असे नाही; आणि शताधिपती कर्नेल्याला पेत्राने राजीनामा मागितल्याचे लूक कोठे लिहीत नाही.

हिटलरसमोर उभ्या राहिलेल्या दोन ख्रिस्ती माणसांकडे पाहा. ऑस्ट्रियातील शेतकरी फ्रान्झ येगरस्टेटर यांनी त्याच्या सैन्यात लढण्यास नकार दिला. घरी पत्नी व लहान मुली. बिशपांनीही कुटुंबाचा विचार करण्याचा सल्ला दिला. 9 ऑगस्ट 1943 रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. जर्मन पाळक डीट्रिख बॉनहोफर तर शांततावादाकडे झुकलेले. अहिंसेचा मार्ग शिकण्यासाठी भारतात येण्याची त्यांची इच्छा होती आणि 1934 मध्ये गांधीजींनी त्यांना पत्राने बोलावलेही होते. तेच पुढे हिटलरविरुद्धच्या कटात सामील झाले व 9 एप्रिल 1945 रोजी फासावर गेले. यांपैकी कोण चुकला, हे ठरविण्याची माझी छाती नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, बॉनहोफर यांनी आपल्या कृत्याला पुण्य म्हटले नाही. शेजाऱ्याच्या रक्षणासाठी दोष अंगावर घ्यावा लागतो आणि क्षमा देवापाशीच मागावी लागते, अशी त्यांची धारणा होती.

म्हणून 'न्याय्य युद्ध' हा शब्दप्रयोग मला खटकतो. दुर्बलाची कत्तल थांबविण्यासाठी शस्त्र उचलणे कधी अटळ ठरेल, हे मी नाकारत नाही. पण अटळ म्हणजे निर्दोष नव्हे. प्राचीन मंडळीला हा भेद कळत होता. चौथ्या शतकात कैसरियाचे बिशप बासिल यांनी युद्धातील वधाला खून मानले नाही, तरी अशा शिपायांनी तीन वर्षे प्रभुभोजनापासून दूर राहावे, असे सुचविले. आपण मात्र विजयाच्या वार्तेनंतरच्या रविवारी केवळ उपकारस्तुतीची गीते निवडतो. त्या उपासनेत पापांगीकाराची प्रार्थना किती मंडळ्यांत होते?