निकाल, परिणाम आणि फळ

स्पर्धा संपली की आपण विचारतो, "कोण जिंकले?" परीक्षा संपली की विचारतो, "निकाल काय लागला?" उत्तर मिळाले की विषय संपतो. सत्संगात मात्र आपण वेगळेच ऐकतो. कर्म करणे आपल्या हाती आहे, फळ आपल्या हाती नाही. म्हणून फळाची आसक्ती सोडावी. हे ऐकताना तरुण मनात एक शंका हमखास येते. फळाकडे पाहायचेच नसेल, तर जीव तोडून खेळायचे कशाला? आणि ही शिकवण हरणाऱ्याची समजूत घालण्यापुरतीच तर नाही ना?

ही शंका टाळून पुढे जाता येत नाही. एका क्रीडा-हंगामाच्या आधाराने तिचा विचार करू या.

तीन शब्द

हिंदीतील लेख मराठीत आणण्याची सेवा करताना एक शब्द वारंवार समोर येतो. हिंदीत परीक्षेचा 'परिणाम' येतो, मराठीत 'निकाल' लागतो. गीतेच्या भाषेत याच जागी 'फळ' आहे. वरवर पाहता तिन्ही शब्द सारखेच वाटतात, पण त्यांचा रोख वेगळा आहे.

'निकाल' या शब्दात शेवट आहे. कोर्टात निकाल लागतो म्हणजे वाद मिटतो. एखादे प्रकरण 'निकालात काढले' म्हणजे फाईल बंद झाली. 'परिणाम' हा शब्द आपण मराठीत वेगळ्या अर्थाने वापरतो. औषधाचा परिणाम होतो, संगतीचा परिणाम होतो. म्हणजे एखाद्या गोष्टीमुळे आपल्यात जो बदल घडतो तो परिणाम. आणि 'फळ' म्हणजे जे पिकते, ज्याच्या पोटात पुढचे बी असते.

एकाच हंगामाचे निकाल, परिणाम आणि फळ वेगवेगळे असू शकतात. आपण बहुतेक वेळा पहिल्यावरच थांबतो.

२००८ चा हंगाम

सांगानेरहून टोंक रोडने शहराकडे निघाले की पुढे सवाई मानसिंह स्टेडियम लागते. २००८ मध्ये आयपीएलचा पहिला हंगाम झाला, तेव्हा राजस्थान रॉयल्सचे हे घरचे मैदान होते. आठ संघांमध्ये सर्वांत कमी किमतीला, ६.७ कोटी डॉलरला, विकला गेलेला संघ हाच. कर्णधार आणि प्रशिक्षक अशी दोन्ही कामे शेन वॉर्न यांच्याकडे होती. १९ एप्रिलला दिल्लीत पहिला सामना झाला आणि संघ ९ गडी राखून हरला. त्या रात्री फाईल बंद केली असती, तर लिहिण्यासारखे काही उरले नसते.

पुढे या संघाने साखळीतील १४ पैकी ११ सामने जिंकले. जयपूरचे सातही जिंकले. उपांत्य सामन्यात त्याच दिल्लीला १०५ धावांनी हरवले. १ जूनला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर चेन्नईविरुद्ध अंतिम सामना झाला. समोर १६४ धावांचे लक्ष्य होते. शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी होती; सोहेल तन्वीर यांनी ती काढली आणि संघ ३ गडी राखून विजेता ठरला.

आता क्षणभर विचार करू. तो एक चेंडू निर्धाव गेला असता, तर सामना बरोबरीत सुटला असता. त्यामुळे आधीच्या दीड महिन्यातील सराव, धावा, झेल यांत तिळभरही फरक पडला नसता. तरी आपण त्या हंगामाला दुसरे नाव दिले असते. निकाल इतका बारीक धाग्यावर लटकलेला असतो. श्रम तेवढे बारीक नसतात.

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलमध्ये हे आणखी ठळक दिसते. तिथे प्रत्येक संघ एका हंगामात १६२ सामने खेळतो. २००१ मध्ये सिएटल मरिनर्स या संघाने त्यांपैकी ११६ जिंकले. एका हंगामातील सर्वाधिक विजयांच्या विक्रमाशी ही बरोबरी होती. पण पुढच्या बाद फेरीत तो संघ हरला आणि अंतिम मालिकेपर्यंतही पोहोचला नाही. त्या हंगामाचा खरा निकाल कोणता मानायचा? ११६ विजय की शेवटची हार?

वाणिज्य शाखेत आम्हाला एक मूलभूत गोष्ट शिकवतात. व्यवसाय अखंड चालू राहणार आहे असे धरूनच हिशेब मांडायचा असतो. ३१ मार्चला आपण रेघ मारतो आणि नफा-तोटा काढतो, पण ती रेघ मोजणीच्या सोयीसाठी आहे. १ एप्रिलला दुकान पुन्हा उघडतेच. हंगामाचा निकाल हीसुद्धा अशीच एक रेघ आहे. ती खोटी नाही, आवश्यकही आहे. पण रेघेलाच व्यवसाय समजणारा माणूस चुकीचा हिशेब करत असतो.

गोव्याचा एक सलामीवीर

त्या विजेत्या संघात गोव्याचे स्वप्नील अस्नोडकर होते. वय २४. तोपर्यंत गोव्याबाहेर फार थोड्यांना त्यांचे नाव माहीत होते. जयपूरमध्ये कोलकात्याविरुद्ध मिळालेल्या पहिल्याच संधीत त्यांनी ६० धावा केल्या. त्या हंगामात ९ सामन्यांत त्यांच्या ३११ धावा झाल्या. वॉर्न त्यांना 'गोव्याची तोफ' म्हणत.

पुढच्या हंगामांत मिळून आयपीएलमध्ये त्यांना ११ सामने मिळाले आणि त्यांत ११२ धावा झाल्या. भारताकडून आंतरराष्ट्रीय सामना खेळण्याचा योग आला नाही. गोव्याकडून मात्र ते कित्येक वर्षे रणजी सामने खेळत राहिले, कर्णधारही झाले.

३११ धावा करणारे अस्नोडकर खरे, की ११२ धावा करणारे? हा प्रश्न ऐकताच त्यातील दोष लक्षात येतो. माणूस एकच होता. बदलले ते आकडे. तरीही आपण आपल्या मुलांकडे पाहताना हाच प्रश्न रोज विचारतो. दहावीला ९२ टक्के मिळवणारा मुलगा खरा, की बारावीला ६८ मिळवणारा? मुलगा बिचारा दोन्ही आकड्यांत स्वतःला शोधत राहतो.

गीता जय आणि पराजय समान मानायला सांगते. याचा अर्थ दोन्ही सारखेच गोड लागावेत असा नाही. हार झोंबणारच. अर्थ एवढाच की, जय म्हणजे मी नव्हे आणि पराजय म्हणजेही मी नव्हे. आणि हे हरणाऱ्यापेक्षा जिंकणाऱ्याला अधिक कळायला हवे. हरलेल्याला आठवण करून द्यायला जग असते. जिंकलेल्याला कोणीच आठवण करून देत नाही.

अनासक्ती आणि बेफिकिरी

आता सर्वांत अवघड मुद्दा. मे २०१३ मध्ये याच संघातील तीन खेळाडूंना स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून अटक झाली. पुढे सट्टेबाजीच्या प्रकरणात संघालाच २०१६ आणि २०१७ असे दोन हंगाम बाहेर राहावे लागले. कोणी काय केले, याचा न्याय करणे हे या लेखाचे काम नाही. पण सामना विकणे म्हणजे काय, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

पैसे घेऊन मुद्दाम वाईट चेंडू टाकणारा एखादा काल्पनिक गोलंदाज डोळ्यांसमोर आणू या. सामना जिंकला काय नि हरला काय, त्याला फरक पडत नाही. जयाची आसक्ती त्याच्या मनात उरलेली नाही. मग तो अनासक्त झाला का?

उत्तर 'नाही' असे आहे, हे सर्वांनाच जाणवते. पण कारण नीट समजून घ्यायला हवे. त्या गोलंदाजाने फळ सोडलेले नाही. एक फळ टाकून दुसरे धरले आहे, आणि त्यासाठी कर्मच सोडले आहे. अनासक्ती याच्या बरोबर उलट आहे. तिथे कर्म घट्ट धरलेले असते आणि पकड सुटते ती फक्त फळावरची. बेफिकीर माणूस आणि अनासक्त माणूस दोघेही निकालानंतर शांत दिसतात. त्यांच्यातला फरक निकालाआधी दिसतो, चेंडू हातात असताना.

सांगानेरमध्ये ठशांची छपाई करणारे कारागीर पाहिले की हा फरक समजतो. पांढऱ्या कापडावर आधी बाह्यरेषेचा लाकडी ठसा उमटवायचा, मग तिच्या आत रंग भरणारे ठसे. एकही ठसा किंचित सरकला तर फूल फाटल्यासारखे दिसते. कापड धुऊन उन्हात वाळवल्यावर रंग कसा उघडतो, ते पाण्यावर आणि उन्हावरही अवलंबून असते. त्यावर कारागिराचा ताबा नसतो. पण आज आभाळ भरले आहे म्हणून तो ठसा वाकडा ठेवत नाही. ऊन त्याचे नाही, हात त्याचा आहे.

म्हणून सुरुवातीच्या शंकेचे उत्तर असे देता येईल. जिंकण्यासाठीच खेळावे, कारण जिंकण्याचा प्रामाणिक प्रयत्न हाच खेळाडूचा स्वधर्म आहे. प्रयत्नात कसर ठेवणारा फळाचा त्याग करत नाही, कर्तव्याचा करतो. आणि पूर्ण प्रयत्न झाल्यानंतर जे हाती येईल ते प्रसाद म्हणून घ्यावे. प्रसादाचा पेढा लहान मिळाला म्हणून आपण तो परत करत नाही.

आपला हंगाम

राजस्थानने २००८ नंतर २०२५ पर्यंत दुसरे विजेतेपद मिळवलेले नाही. २०२२ मध्ये अंतिम फेरी गाठली, तिथे गुजरातकडून हार झाली. तरीही संघ पुन्हा पुन्हा मैदानात उतरतोच. आपलेही तसेच आहे. नोकरीची मुलाखत, दुकानाचे वर्ष, मुलांच्या परीक्षा, घरातील आजारपण असे आपले हंगाम येतात आणि जातात.

पुढच्या वेळी असा एखादा हंगाम संपेल, तेव्हा रात्री दिवा मालवण्यापूर्वी शांत बसून स्वतःला तीन प्रश्न विचारू या. निकाल काय लागला? तो जसा आहे तसा, न वाढवता, न लपवता मान्य करू. माझ्यावर परिणाम काय झाला? मी अधिक नम्र झालो की अधिक कडवट, हे पाहू. आणि या फळात पुढचे बी कोणते आहे? ते वेचून ठेवू.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जग देते. उरलेल्या दोघांचे आपले आपणच द्यायचे असते, आणि साधना तिथेच सुरू होते.