शंभर नावांची यादी

२००९ साली मी लोहा तालुक्यातल्या एका विनाअनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवत होतो. मस्टरवर सही होती, तास होते, पोरं 'सर' म्हणायची. पगार तेवढा नव्हता. 'अनुदान आलं की निघेल' असं संस्थाचालक सांगत. त्यावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नव्हता, कारण या नोकरीसाठी वडिलांनी दीड एकर रान विकून पैसे भरले होते. अशात एका सहकाऱ्यानं रविवारी लातूरला चला म्हणून गळ घातली. "एक बिझनेस आहे सर. ऐकून तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या."

नांदेडहून एसटीनं लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोहोचलो. औसा रोडवरचा एक हॉल होता. टाय लावलेल्या एका माणसानं पांढऱ्या फळ्यावर गोल काढला, त्यात 'तुम्ही' लिहिलं, खाली दोन गोल, त्यांच्या खाली चार. डावा लेग, उजवा लेग, दोन्हींकडे माणसं जुळली की एक पेअर, पेअर झाली की चेक. त्या माणसाला हसणं मला आजही जमत नाही. त्यानं विचारलं होतं, "पाच वर्षांनी तुम्ही कुठं असणार?" हा प्रश्न तोवर मला कुणीच विचारला नव्हता, संस्थेनंही नाही आणि घरच्यांनीही नाही.

साडेसात हजार भरले. एक सूटपीस आणि रसाच्या चार बाटल्या मिळाल्या. पहिला गृहपाठ म्हणजे ओळखीच्या शंभर माणसांची यादी. "कुणाला गाळू नका. कोण येणार, कोण नाही, हे तुम्ही ठरवायचं नाही," असं सांगितलेलं. रात्री वही घेऊन बसलो. काका, मामा, वर्गमित्र, कॉलेजचे शिपाई मामा, बँकेतला क्लार्क, आईच्या भजनी मंडळातल्या दोघी. चाळीस नावांनंतर ओळखीची माणसं संपली आणि नुसत्या तोंडओळखी सुरू झाल्या. सत्ताविसावं नाव अहमदपूरच्या मावशीचं होतं.

मावशीनं बचत गटातून शेकडा दोन रुपये महिन्यानं उचल घेतली आणि साडेसात हजार माझ्या हातात ठेवले. प्लॅन तिनं ऐकलाच नाही. "तू करायलास म्हणजे चांगलंच असंल," एवढंच म्हणाली. पुढच्या महिन्यात माझी पेअर झाली, हजाराचा चेक आला. शिक्षक म्हणून तोवर एक रुपयाही न कमावलेल्या माणसाची ती पहिली कमाई. पण ती कमाई होती का?

सोपं प्रकरण आधी बाजूला करू. नाशिकच्या केबीसीसारख्या योजना उघड फसवणुकीच्या. तीन वर्षांत तिप्पट पैसे, आणि माणसं आणणाऱ्या एजंटांना कमिशन. २०१४ मध्ये गुन्हे दाखल झाले तेव्हा आमच्या शेजारच्या परभणीतही कितीतरी घरं पोळलेली निघाली. तिथे नैतिक प्रश्न फारसा उरत नाही, ती चोरीच. अवघड प्रकरण माझ्यासारख्याचं. कंपनी नोंदलेली, रस खरा, बाटलीवर किंमत छापलेली.

कायदाही इथे चाचपडतच पुढे आलेला आहे. प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन योजनांवर बंदी घालणारा कायदा १९७८चा. थेट विक्रीसाठी वेगळे नियम यायला डिसेंबर २०२१ उजाडलं. त्यांनी पिरॅमिड योजना निषिद्ध ठरवली, प्रवेश फी घ्यायला मनाई केली. पुढे एप्रिल २०२२मध्ये ईडीनं ॲमवेची ७५७ कोटींहून अधिकची मालमत्ता जप्त केली. हा धंदा म्हणजे पिरॅमिडच आहे आणि वस्तू अवाच्या सवा महाग आहेत, असा आरोप ठेवून. याच कंपनीला अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९७९ साली पिरॅमिड ठरवायला नकार दिला होता. तिथे जे नियम तिच्या कामी आले, त्यांतला एक असा की, बोनस हवा असेल तर विक्रेत्यानं महिन्याला दहा वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना माल विकलेला असला पाहिजे.

हा नियम बऱ्याच वर्षांनी वाचला तेव्हा चपापलो. औसा रोडच्या हॉलमध्ये मी दहाएक रविवार तरी बसलो असेन. "किती बाटल्या खपल्या?" असं एकदाही कुणी विचारलं नाही. विचारायचे ते "किती पेअर झाल्या?"

आता गणित, निदान माझी लाज म्हणून. प्रत्येकानं दोघं आणायचे. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांची २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या मिळून अठ्ठावन्न लाखांच्या आसपास. पाळण्यातली बाळं धरूनही तेविसाव्या ओळीत माणसं संपतात. पण माणसं संपतात ही खरी अडचण नाहीच. साखळी त्याच्या कितीतरी आधी तुटते. खरी गोष्ट अशी की ती कुठेही थांबवा, पाचव्या ओळीत थांबवा नाहीतर विसाव्या, निम्म्याहून जास्त माणसं शेवटच्या ओळीत असतात आणि त्यांच्या खाली कुणीच नसतं. ती आळशी असतात म्हणून नव्हे, आकृतीच तशी आहे म्हणून. बुद्धिबळाच्या पटावरच्या गव्हाच्या दाण्यांची गोष्ट मी अकरावीला दरवर्षी रंगवून सांगायचो, आणि रविवारी हॉलमध्ये टाळ्या वाजवायचो. 'जो मेहनत घेईल तो वर जाईल' हे वाक्य एकेकट्या माणसाबद्दल खरं असेलही, सगळ्यांबद्दल एकदम खरं असूच शकत नाही. आणि मी ते सगळ्यांना सांगत होतो.

यावर माझा अपलाइन एक बिनतोड प्रश्न टाकायचा. "विमा एजंट नातेवाइकांकडेच जातो ना सर? पिग्मीवाला ओळखीवरच चालतो ना? मग आपलंच काय वाईट?" बरेच दिवस मला उत्तर सापडत नव्हतं. आता वाटतं, फरक एवढाच की विमा एजंटानं मावशीला पॉलिसी विकली तर मावशी पॉलिसीधारक होते आणि त्याचं काम तिथं संपतं. त्याचं पोट भरायला मावशीनं एजंट व्हावं लागत नाही. मला मावशी गिऱ्हाईक म्हणून पुरत नव्हती. तिनंही वही काढून शंभर नावं लिहावीत, तिच्या शेजारणीनंही लिहावीत, तेव्हा कुठं माझा डावा लेग भरणार. मी तिला रस विकत नव्हतो. तिची माणसं विकत घेत होतो, आणि तीही तिच्याच पैशानं.

ती माणसं जोडायला मावशीला तीस वर्षं लागली होती. कुणाच्या बाळंतपणाला जाणं, कुणाच्या लग्नात पोळ्या लाटणं, दुष्काळात दोन घागरी पाणी देणं. आमच्याकडे बँक उशिरा पोहोचली, तोवर उसनवारी चालायची ती या भरवशावर. तो भरवसा कुणाच्या एकट्याच्या मालकीचा नसतो, म्हणून तो मोडून खायचा हक्कही एकट्याला नसतो. मी मावशीच्या खात्यातून काढला.

एक कबुली द्यायला हवी. मी चार लोकांत बोलायला शिकलो ते त्या हॉलमध्ये. तिथे शिपाई मामांना 'सर' म्हणून स्टेजवर बोलावलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. आमच्या कॉलेजात कुणी त्यांना बसायला खुर्ची दिलेली मला आठवत नाही. आणि दीड एकर रान विकून नोकरी लावून देणारी माझी संस्था तरी काय वेगळं करत होती? आधी पैसे भरा, मग आशेवर बसा, आणि पुढची बॅच येईपर्यंत इतरांना सांगत राहा की अनुदान येणारच आहे. माझ्यानंतर लागलेल्या दोन पोरांना मीच म्हणालो होतो, "भरा, बुडत नाहीत." लोक एमएलएमला नावं ठेवतात तेव्हा माझ्या मनात हे येतं. जिथं सरळ वाटच दिसत नाही, तिथं फळ्यावरचा गोल खरा वाटतो.

पुढे यथावकाश अनुदान आलं. टप्प्याटप्प्यानं आलं, पण आलं. पहिल्या पूर्ण पगाराला मी अहमदपूरला गेलो आणि साडेसात हजार, वर व्याजाचे म्हणून अडीच हजार, मावशीसमोर ठेवले. तिनं चहा टाकला. फडताळात रसाच्या दोन बाटल्या अजून तशाच होत्या, मुदत कधीच उलटून गेलेली.

पैसे तिनं मोजले नाहीत. पदराला हात पुसत म्हणाली, "माझं दिलास. पण मी शेजारच्या काकूला लावले होते ना रे तुझ्या शब्दावर. तिनं तिच्या भावजयीला."

मी गप्प बसलो.

"तिची भावजय आता बोलत नाही तिला," मावशी म्हणाली. "तू भेटून येतोस का? इथंच राहती, गल्लीच्या टोकाला."