दर्शनाच्या आधी आणि दर्शनानंतर



आपण दर्शनासाठी घरून निघता तेव्हा मनात एकच क्षण धरलेला असतो, श्रीमूर्तीसमोर उभे राहण्याचा. गर्दीच्या दिवशी तो क्षण पापणी लवण्याइतका असतो. मागून सेवेकऱ्याचा आवाज येतो, "पुढे चला, माउली," आणि आपण पुढे सरकतो. त्या एका क्षणासाठी कुणी रात्रभर गाडीत दाटीवाटीने बसून आलेले असते, कुणी सोयाबीनची सोंगणी शेजाऱ्यावर सोपवून आलेले असते. प्रवास, वाट पाहणे, रांग, जेवण, धर्मशाळेतील रात्र, हा सारा वेळ आपण यात्रेतला त्रास म्हणून सोसतो आणि तो एक क्षण तेवढा देवाचा मानतो. आज या पानावर त्या उरलेल्या वेळाविषयी चार शब्द आपल्यापुढे ठेवावयाचे आहेत.

मूर्तिजापूरला वाट पाहण्याची सवय जुनी आहे. भुसावळ-नागपूर लोहमार्गावरील हे जंक्शन. एकेकाळी येथून शकुंतला रेल्वे एका अंगाला अचलपूरकडे आणि दुसऱ्या अंगाला कारंजामार्गे यवतमाळकडे जात असे. ती गाडी इतकी सावकाश चाले की प्रवासी मध्येच उतरून पुन्हा चढतात, असा विनोद गावोगावी प्रचलित होता. आता ती बंद आहे. परंतु श्रीनृसिंहसरस्वती स्वामींच्या जन्मस्थानी, कारंजा येथे, जाणारे पुष्कळ भाविक आजही येथेच उतरतात. याच मार्गावर पश्चिमेस, अकोल्याच्या पुढे, श्रीगजानन महाराजांचे शेगाव आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते की, ज्या तालुक्यातून आपण घाईघाईने पुढे निघतो, त्याच तालुक्यातील दापुरे गावी एका मुलाने गुरे वळता वळता आणि वखर हाकता हाकता धर्म म्हणजे काय याचा धडा गिरवला. तो मुलगा म्हणजे डेबूजी झिंगराजी जानोरकर, पुढे अवघ्या महाराष्ट्राचे श्रीसंत गाडगेबाबा.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजात झाला. वडील झिंगराजी दारूच्या पायी लवकर गेले. माता सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, दापुऱ्यास, आल्या. मामा चंद्रभानजी यांच्या घरी डेबू वाढला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. गुरांमागे रानात जाणे, औत हाकणे, पुराच्या पूर्णेत उडी घेणे आणि रात्री भजनात बसणे, हीच त्याची शाळा. कामाला हा मुलगा असा वाघ की मामांची शेती त्याच्या हाताने बहरली.

याच घरावर पुढे संकट आले. मामा निरक्षर होते. सावकाराचे देणे फेडत गेले, पण पावती मागितली नाही, कागदावर काय लिहिले आहे ते वाचून घेतले नाही. शेवटी सावकाराने शेतावर हक्क सांगितला आणि त्या धक्क्याने मामा खचून गेले. ही गोष्ट वऱ्हाडात काही नवलाची नव्हती; त्या काळी शेकडो घरांत ती घडली असेल. त्या घरांनी नशिबाला बोल लावला आणि पुढे चालू लागली. डेबूजीने मात्र तिच्यातून आयुष्यभर पुरेल इतका बोध घेतला. पुढे बाबा कीर्तनातून सांगत की जेवायला ताट नसेल तर हातावर भाकर घेऊन खा, पण लेकराला शाळेत घाला. हे वाक्य ग्रंथातून आलेले नव्हते. मामांच्या हातून निसटलेल्या एका पावतीतून ते आले होते.

त्याच घरातील दुसरा प्रसंग बारशाचा. डेबूजी आणि कुंताबाई यांना कन्यारत्न झाले. अशा प्रसंगी जातभाईंना मटणाचे जेवण आणि दारू द्यावयाची, ही रूढी. न द्यावे तर पंगत रुसणार, भावकी नावे ठेवणार, उद्या अडीअडचणीला कुणी दारात उभे राहणार नाही. डेबूजीने त्या दिवशी गोड जेवण घातले. बस, इतकेच. युद्ध नाही, व्याख्यान नाही. पत्रावळीवर एक पदार्थ वाढला आणि दुसरा वाढला नाही. परंतु ज्याने खेड्यात कार्य केले आहे त्याला ठाऊक आहे की, भरल्या मांडवात भावकीपुढे "आमच्याकडे हे होणार नाही" असे सांगण्यास केवढी छाती लागते. दारूने बाप गेला, हे दुःख त्या तरुणाने उरात नुसते जपले नाही. त्याला पंगतीत वाट करून दिली. आम्हांस तर वाटते, बाबांचे पहिले कीर्तन तेच. त्यात टाळ नव्हता की मृदंग नव्हता.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडले. त्यानंतरचे रूप आपण तसबिरीत पाहिले आहे. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात खराटा, जवळ खापराचे गाडगे, एका कानात कवडी आणि दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. यातील एकही वस्तू विकत घेण्याच्या लायकीची नाही, हे ध्यानात घ्यावे. सारे उकिरड्यावर टाकण्याजोगे. आपण जे फेकून देतो ते त्यांनी अलंकार म्हणून धारण केले, आणि आपण जे काम दुसऱ्याच्या माथी मारतो, ते झाडण्याचे काम आपली पूजा म्हणून पत्करले.

गावात शिरले की हा माणूस कुणाशी न बोलता रस्ता झाडू लागे. लोक प्रथम हसत, मग थबकून पाहत, मग दोघे-चौघे ओशाळून हाती झाडू घेत. दिवसा गाव झाडून झाले की रात्री कीर्तन. त्यात ते श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढीत, तेही आपल्या वऱ्हाडी बोलीत. देवासाठी बकरे का मारता, नवसापायी कर्ज का काढता, शिवाशिव कोणत्या देवाने सांगितली, असे ते प्रश्न असत. पंढरीला ते कितीदा गेले, पण विठ्ठलाच्या गाभाऱ्याकडे न वळता वाळवंट झाडीत राहिले. अस्पृश्य म्हणून ज्यांना कुणी आसरा देत नसे, अशा वारकऱ्यांसाठी त्यांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभारली आणि पुढे ती वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली.

जो संत देवळात शिरला नाही त्याचे गुणगान देवळाच्या पुस्तिकेत करावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. आम्हांलाही लिहिताना क्षणभर लेखणी अडखळल्यासारखी झाली. परंतु विचार करता असे दिसते की बाबांचे भांडण देवाशी नव्हते, देवळाच्या दाराशी माणुसकी काढून ठेवणाऱ्यांशी होते. चपला बाहेर काढाव्या हे ठीक; तिच्याबरोबर बाकीचेही काढून ठेवू लागलो तर काय? रांगेत म्हाताऱ्या बाईला कोपराने ढकलून पुढे गेलेला हात गाभाऱ्यात जाऊन जोडला, तर तो कोणत्या देवाला पोहोचेल, हे ज्याने त्याने विचारावे.

आता पाण्याविषयी. दूरच्या भाविकांना कदाचित माहीत नसेल, परंतु पूर्णेच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांचा मोठा टापू खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. मूर्तिजापूर तालुक्यातील अनेक गावे त्यात येतात. जमीन काळी, कसदार. पऱ्हाटी आणि तूर पाहून डोळे निवावेत. पण विहीर खोदली तर पाणी खारट. त्याने तहान भागत नाही, डाळ शिजत नाही आणि वर्षानुवर्षे ते पिणाऱ्यांच्या मूत्रपिंडाचे दुखणे बळावते. नळयोजना येण्यापूर्वी गोड पाण्यासाठी बायाबापड्यांनी डोक्यावर घागरी घेऊन किती कोस तुडविले, त्याची गणती नाही. अशा मुलखात वाढलेला संत जेव्हा तहानलेल्याला पाणी देण्याला धर्मात अगदी वरचे स्थान देतो, तेव्हा ते अलंकारिक बोलणे नसते. येथे दारात आलेल्याला गोड्या पाण्याचा तांब्या पुढे करणे म्हणजे दुरून वाहून आणलेल्यातला वाटा देणे. उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या पाणपोईवर रांजणाला ओले फडके गुंडाळून बसलेली म्हातारी आपण पाहिली असेल. पुढच्या वेळी तिच्याकडून पाणी घेताना पेला अर्धवट पिऊन उरलेले रस्त्यावर ओतू नये, एवढीच विनंती.

बाबांच्या चरित्रातील एक प्रसंग मात्र सांगताना आमचा स्वर नेहमी खाली येतो. १९२३ साली कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना एकुलत्या एक पुत्राच्या, गोविंदाच्या, निधनाची वार्ता आली. पिसाळलेले कुत्रे चावल्याचे निमित्त झाले होते. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. वैराग्याचा कळस म्हणून हा प्रसंग व्यासपीठावरून सांगितला जातो, आणि तो थोर आहेच. परंतु ज्या आईबापांनी लेकरू गमावले आहे, आणि असे कितीतरी जण दरवर्षी या पायऱ्या चढून येतात, त्यांनी "मला तसे का जमत नाही?" असा बोल स्वतःला लावून घेऊ नये. त्या रात्री कीर्तनापासून दूर कुंताबाईही होत्या. नवऱ्याने घर सोडल्यावर मोलमजुरी करून त्यांनी लेकरे वाढविली होती. त्यांच्या रडण्याचे वर्णन कुठल्या व्याख्यानात ऐकू येत नाही. आमच्या अल्पमतीला वाटते, त्या माउलीने दुसऱ्या दिवशी पुन्हा चूल पेटविली असेल, तीही तपश्चर्याच होती. आपणांसारख्या संसारी माणसांसाठी तर बाबांच्या वाटेपेक्षा कुंताबाईंची वाट अधिक ओळखीची आहे.

दानशूर मंडळींसाठीही एक गोष्ट सांगितली पाहिजे, मग विश्वस्तांनी आमच्यावर रागावले तरी चालेल. बाबांच्या शब्दावर लोकांनी लाखो रुपये दिले. त्यांतून ऋणमोचनला पूर्णेवर घाट झाला, मूर्तिजापूरला गोरक्षण आणि धर्मशाळा झाली, नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे धर्मशाळा झाल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांच्या नातलगांसाठी निवारा झाला. त्या वास्तूंवर स्वतःच्या कुटुंबाचा हक्क त्यांनी राहू दिला नाही. स्वतः खापरात भाकर खाऊन ते चालत राहिले. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचा देह पडला, तोही वाटेतच. अशा पुरुषाच्या मुलखात आपण देणगी देता. ती अवश्य द्यावी, पावती मात्र मागून घ्यावी. मामांची गोष्ट विसरू नये. पण नवस फेडण्यासाठी व्याजाने पैसे काढून कुणी येथे येत असेल, लेकीच्या शाळेचे पैसे पेटीत टाकत असेल, तर त्याने ते पैसे घरी न्यावेत. देव रागावणार नाही.

मागील पौषात आम्ही मूर्तिजापूरच्या बसस्थानकावर कारंज्याच्या गाडीसाठी थांबलो होतो. शेजारी एक तरुण कुटुंब बसले होते. शहरातून आलेले असावे. लहान मुलगी भुकेने किरकिर करीत होती आणि वडील तिला "दर्शनाआधी काही खायचे नसते" म्हणून दटावीत होते. पलीकडच्या बाकावरील एका म्हाताऱ्या बाईने गाठोडे सोडले, ज्वारीची भाकर मोडली, वर थोडे पिठले ठेवले आणि ती चतकोर मुलीपुढे धरली. वडील संकोचले. "राहू द्या ना माय, आता गाडी येईलच."

म्हातारी म्हणाली, "गाडी येईन तवा येईन, बापू. भूक थोडीच स्टँडावर थांबते!"

मुलीने भाकर खाल्ली. तिच्या आईने पिशवीतून पाण्याची बाटली काढून आधी म्हातारीपुढे केली. वडील थोडा वेळ गप्प बसले. मग खाली वाकून फरशीवर पडलेले भाकरीचे तुकडे त्यांनी एकेक करून वेचले आणि कडेच्या झाडाखाली चिमण्यांसाठी टाकून आले. तेवढ्यात गाडी लागली. गर्दीतून वाट काढीत त्यांनी प्रथम म्हातारीचे गाठोडे आत दिले, मग तिला हात देऊन वर चढविले, आणि खिडकीजवळची जागा मिळाली तेथे तिला बसवून स्वतः कारंज्यापर्यंत उभे राहिले.