दुसऱ्याच्या नावाने

१३०५च्या सुमाराची गोष्ट. कॅस्टीलमधल्या आविला गावात एका विधवेच्या मुलीला मोठं स्थळ चालून आलं. मुलगा श्रीमंत घरचा, शिवाय दोघींच्या अन्नवस्त्राची हमी. अट एकच : नवऱ्याने मागे ठेवलेली ती प्राचीन पोथी द्यायची. घरात खायची भ्रांत होती, तरी बाईने शपथेवर सांगितलं की अशी पोथी कधी नव्हतीच, नवरा सगळं स्वतःच्या डोक्यातून लिहीत असे. मग जुन्या पोथीतून उतरवलं असं लोकांना का सांगता, हे तिने त्याला विचारलंही होतं. त्याचं उत्तर रोकडं होतं : माझं म्हटलं तर पैसे कोण देईल?

नवरा म्हणजे मोशे दे लिओन, आणि पोथी म्हणजे 'झोहर', ज्यू गूढवादाचा शिरोमणी ग्रंथ. हकीकत लिहून ठेवणारा इसाक हा अक्को शहराचा. १२९१मध्ये मामलुकांनी ते शहर घेतलं, आणि पुढे तो स्पेनमध्ये आला. वायादोलिदला मोशेने त्याला सांगितलं की मूळ पोथी आविलाच्या घरी आहे, या, दाखवतो. घरी परतताना वाटेत आरेवालोला मोशे वारला. इसाकच्या कानावर विधवेचे बोल आले ते तिसऱ्याच माणसाच्या तोंडून.

'झोहर' दुसऱ्या शतकातल्या शिमोन बार योहाय यांच्या नावावर आहे. भाषा अरामी, संवाद गालीलच्या रस्त्यांवरचे. पण लेखकाने गालील पाहिलेलाच नाही : कापाडोकिया हा आशिया मायनरमधला अख्खा प्रांत त्याने तिथलं एक खेडं करून टाकला! एकोणिसाव्या शतकात इतिहासकार ग्रेट्झने मोशेला सरळ लबाड ठरवलं. अभ्यासक गेर्शोम शोलेम आधी ग्रेट्झचं मत खोडायला निघाले होते. मोशेच्या हिब्रू ग्रंथांशी 'झोहर' ताडून पाहता पाहता ते उलट निष्कर्षाला आले. आज अनेक अभ्यासक एका हाताऐवजी एक मंडळ मानतात. मला विचाराल तर मंडळ असेलही, पण त्यात मोशेचा हात मोठा.

मात्र 'लबाड' म्हणून प्रश्न मिटत नाही. १२६४मध्ये याच मोशेसाठी तत्त्वज्ञ मैमोनिदीसच्या 'संभ्रमितांचा मार्गदर्शक' या ग्रंथाची प्रत तयार झाली होती. म्हणजे तत्त्वज्ञानाचं पाणी तो प्यायला होता. मैमोनिदीसच्या लेखी यज्ञबळी ही जुन्या सवयींना दिलेली सवलत. असं वाचलेली तरुण मंडळी प्रार्थनेला कंटाळू लागली, आणि मोशेने स्वतःच्या नावाच्या ग्रंथात त्यांच्यावर ताशेरे ओढले. 'झोहर'चं म्हणणं मैमोनिदीसच्या अगदी विरुद्ध टोकाचं. अथांग, अनाम 'एन सोफ'पासून दहा सेफिरोत, म्हणजे ईश्वराची दहा रूपं, प्रकटतात. त्यांतली शेवटची, शेखिना, स्त्रीरूप. माणसाच्या पापाने ती वरच्यांपासून दुरावते, माणसाच्या आचरणाने पुन्हा जोडली जाते. शब्बाथचं जेवण नीट झालं की खुद्द ईश्वरातली ताटातूट मिटते! आज्ञापालनाला याहून मोठी किंमत कुणी दिली नसेल. आणि हे सांगायला कॅस्टीलच्या एका फिरत्या पंडिताचं नाव कसं पुरणार?

शेखिनेजवळ स्वतःचं काहीच नाही, चंद्रासारखा तिचा सगळा प्रकाश वरून येतो, असं 'झोहर' सांगतो. लिहिणाऱ्याने स्वतःलाही असंच मानलं असेल, असं मला वाटतं. तरी बायकोला दिलेलं उत्तर मी खोटं मानत नाही. भक्ती आणि पोट एकाच लेखणीवर चालू शकतात. गंमत म्हणजे स्वतःच्या नावाच्या ग्रंथांत हाच मोशे 'प्राचीनांच्या वचनां'चे दाखले देऊन 'झोहर'ची भलामण करतो.

इसाकची रोजनिशी हरवली. तिच्यातला उतारा राहिला तो अब्राहाम झाकुतोच्या इतिहासग्रंथात. उताऱ्याच्या अखेरीस मोशेचा एक शिष्य आकाशाची आणि पृथ्वीची शपथ घेऊन साक्ष देऊ लागतो, आणि मजकूर तिथेच तुटतो.