चारा, आमिष आणि नियत



गेल्या रब्बी हंगामात जुम्माच्या नमाजनंतर एक तरुण शेतकरी माझ्याजवळ येऊन बसला. यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याचे शेत आहे. तो म्हणाला, ‘‘मौलाना, मक्याचे दाणे टाकून हरणाला बोलवायचे आणि मारायचे, हे मला पटत नाही. तो दगा झाला. पण बांधालगतचा हरभरा मी न काढता तसाच ठेवला, जनावर आपल्या पायांनी चरायला आले आणि माझ्या नातलगाने त्याला टिपले, तर त्यात दगा कुठला? मी तर शेतीच केली.’’

कायद्याचे उत्तर सरळ होते, ते मी आधी दिले. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार शिकार म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. फासे लावणे, हाकारून कोंडणे, आमिष दाखवणे आणि तसा प्रयत्न करणेही शिकारच आहे. रानडुक्कर किंवा नीलगाय पीक उद्ध्वस्त करीत असेल, तर वनविभागाकडे अर्ज, पंचनामा आणि भरपाई हा मार्ग आहे. ज्या देशात आपण राहतो त्याचा कायदा पाळणे हा एक करार आहे आणि सूरह अल-माइदाचा आरंभच करार पाळण्याच्या आदेशाने होतो.

परंतु कायद्याने त्याचे तोंड बंद झाले असते, मनाचे समाधान झाले नसते. त्याचा प्रश्न खरा होता. अमेरिकेतील शिकारीही यावर वाद घालतात. तेथील काही राज्यांत हरणासाठी मक्याची रास टाकणे निषिद्ध आहे, मात्र त्याच हरणासाठी पेरलेल्या रानाकडेला बंदूक घेऊन बसणे चालते. दाणे टाकणे आणि दाणे पेरणे यांत खरोखर नैतिक अंतर आहे काय?

प्रथम एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. शरीअतने प्रत्येक आमिष हराम ठरविलेले नाही. तापीच्या काठी गळाला गांडूळ लावून मासा धरणाऱ्याला कोणी गुन्हेगार म्हणत नाही. गरजेसाठी केलेली शिकार मुळात वैध आहे. म्हणून ‘फसवले, म्हणून पाप’ एवढ्यावर आपल्याला थांबता येत नाही.

दुसरीकडे, त्या तरुणाच्या बाजूने एक भक्कम हदीसही आहे. अल्लाहचे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिकवले आहे की मुसलमानाने लावलेले झाड किंवा पेरलेले पीक पक्षी, माणूस अथवा जनावर खाते, तेव्हा ते त्याच्यासाठी सदका ठरते. मग उभा हरभरा सदका आणि टाकलेले दाणे आमिष, असा निवाडा करून मोकळे व्हावे काय?

वाचकहो, येथेच थोडे थांबून पाहा. दाणे टाकणारा जनावराला एका संध्याकाळी बोलावतो. पीक राखणारा मात्र त्याला महिनाभर सवय लावतो. रोज चरून सुखरूप परतणारे हरीण ती जागा निर्भय मानू लागते. गळाच्या माशाशी आपले विश्वासाचे नाते नव्हतेच. येथे ते आपण आपल्या हातांनी निर्माण करतो, केवळ मोडण्यासाठी. तेव्हा राखलेले पीक हे आमिषाहून सौम्य नव्हे, अधिक खोल आमिष असू शकते.

‘पण चारा तर खरा आहे ना?’ असे कोणी म्हणेल. अबू दाऊद यांच्या संग्रहात एक प्रसंग आहे. एका मातेने ‘ये, तुला देते’ म्हणून मुलाला हाक मारली. प्रेषितांनी (स.) तिला विचारले, काय देणार होतीस? तिने खजूर सांगितला. तेव्हा प्रेषितांनी (स.) बजावले की काही दिले नसते तर तिच्या नावे एक खोटे लिहिले गेले असते. हाकेचा खरेपणा हाक मारणाऱ्याच्या इराद्यावर तोलला जातो. हरभरा खरा असेल. पण मनात बंदूक असेल तर हाक खोटीच.

सूरह अल-आराफमध्ये समुद्रकाठच्या वस्तीची हकीकत आहे. शनिवारी मासेमारीस बंदी होती आणि मासे नेमके त्याच दिवशी वर येत. भाष्यकार सांगतात की त्या लोकांनी आदल्या दिवशी जाळी लावली आणि रविवारी मासे उचलले. ‘शनिवारी आम्ही पाण्याला हातही लावला नाही,’ असे त्यांनाही म्हणता आले असते. ‘मी तर शेतीच केली’ हे वाक्य त्याच जातीचे आहे. कृत्याचे नाव बदलल्याने कृत्य बदलत नाही.

म्हणून मी त्याला एकच कसोटी दिली: बंदूक येणारच नसती, तर हा हरभरा तू ठेवला असतास काय? उत्तर ‘होय’ असेल तर तो सदका आहे. ‘नाही’ असेल तर ते आमिष आहे. हजरत उमर (रजि.) यांनी कथन केलेली नियतीची हदीस आपण सारे जाणतो, तिला शेताचा बांध अपवाद नाही.

आणखी एक गोष्ट या निमित्ताने स्पष्ट सांगतो. पिकाभोवती तारेत वीज सोडणे, फळात वा कणकेच्या गोळ्यात स्फोटक भरून ठेवणे, हे प्रकार तर क्रौर्यच आहेत. मे २०२० मध्ये केरळच्या पालक्काड जिल्ह्यात अशाच स्फोटकाने तोंड फाटलेली गाभण हत्तीण नदीच्या पाण्यात उभी राहून मेली. जिबह होण्यापूर्वीच विजेने किंवा स्फोटाने मेलेल्या जनावराचे मांस हलालही नाही. ज्या धर्माने जिबह करतानाही सुरीला धार लावून जनावराला आराम देण्याची ताकीद दिली, त्याच्या अनुयायाला हे शोभत नाही.

एहरामच्या स्थितीत शिकार हाताच्या व भाल्याच्या टप्प्यात आणून श्रद्धावंतांची परीक्षा घेतली जाईल, असे सूरह अल-माइदाच्या ९४ व्या आयतीत सांगितले आहे. टप्प्यात आले म्हणजे परवानगी मिळाली, असे नव्हे. कधी कधी तीच परीक्षा असते.

तो तरुण बराच वेळ गप्प होता. बंदूकवाला त्याच्या नात्यातला, वयाने मोठा. त्याला नकार देणे सोपे नव्हते. अखेर उठताना म्हणाला, ‘‘हरभरा ठेवतो, मौलाना. मामूंना मात्र येऊ नका म्हणून सांगतो.’’

अल्लाह आपल्या देण्यातून कपट काढून टाको आणि आपल्या शेतांतून मुक्या जिवांना निर्भय घास मिळो. आमीन.